उपाशी कोण राहिलं, हे विचारणारी भुतं

नाताळच्या आदल्या संध्याकाळी लंडनमधला एक म्हातारा पेढीवाला घरी येतो. दार ठोठावण्याच्या लोखंडी कडीत त्याला सात वर्षांपूर्वी वारलेल्या भागीदाराचा चेहरा दिसतो. थोड्या वेळानं तो भागीदार स्वतःच जिना चढून वर येतो. कमरेभोवती साखळदंड आहे, आणि त्याला गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्तऐवज, पोलादी थैल्या लटकताहेत. जबडा गळू नये म्हणून प्रेताला बांधतात तसा रुमाल डोक्याभोवती बांधलेला आहे.

मराठी वाचकाला हा पाहुणा लगेच ओळखू येईल. आपल्याकडं त्याला समंध म्हणतात. पैशात जीव अडकून मेला, म्हणून पुरलेल्या धनावर पहारा देत बसला. मात्र आपला समंध धनाजवळ कुणाला फिरकू देत नाही आणि जेकब मार्ली आपल्या जिवंत भागीदाराला, एबेनेझर स्क्रूजला, सांगायला येतो की हा साखळदंड मी जिवंतपणीच कडी-कडीनं घडवला आणि तुझा याहून लांब झाला आहे.

चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली भुतं हिशेब मागायला येतात. कुणी खाल्लं आणि कुणी उपाशी राहिलं, हा तो हिशेब. अशा भुतांची गोष्ट छत्रपती संभाजीनगरच्या आसपास फार जुनी आहे. पैठण आणि अजिंठा ही तिची दोन ठिकाणं. लंडनची गोष्ट त्यांच्याशेजारी ठेवून वाचली, तर दोन्हीकडच्या भुतांचं बळ कळतं आणि त्यांची मर्यादाही दिसते.

चार पाहुणे, एक रात्र

स्क्रूजकडं येणारे पाहुणे चार आहेत. मार्ली पहिला, तो निरोप्या. त्याच्यानंतर नाताळाची तीन भुतं येतात. भूतकाळाचं भूत स्क्रूजला सुट्टीतही शाळेत एकटा राहिलेला मुलगा दाखवतं. तो मुलगा स्क्रूजच असतो. वर्तमानाचं भूत धिप्पाड आणि हसरं आहे, हातात मशाल, भोवती खाद्यपदार्थांची रास. ते त्याला त्याच्याच कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या, घरी नेतं. बॉबला आठवड्याला १५ शिलिंग मिळतात, त्यात मोठं कुटुंब आणि कुबडीवर चालणारा मुलगा टायनी टिम. तिसरं भूत भविष्याचं. ते काळ्या झग्यात झाकलेलं आहे, बोलत नाही, फक्त बोट दाखवतं. वेरूळच्या २१व्या लेण्यात, रामेश्वरात, मातृकांच्या शेजारी हाडांचा सापळा दिसणाऱ्या काळाच्या आकृती कोरल्या आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला हे तिसरं भूत समजावून सांगावं लागणार नाही.

गोष्टीतली सगळ्यांत कठोर जागा मात्र वर्तमानाच्या हसऱ्या भुताकडं आहे. निघता निघता ते आपला झगा बाजूला करतं. आत पायांना बिलगलेली दोन खंगलेली मुलं आहेत, मुलगा अज्ञान आणि मुलगी ददात. स्क्रूज कळवळून विचारतो, यांना कुठं आसरा नाही का? तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं. त्याच दिवशी गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना स्क्रूजनं तुरुंग आणि श्रमगृहं दाखवली होती. आणि भूत बजावतं, की या दोघांतल्या मुलाला जास्त भ्या.

ही मुलं डिकन्सनं कल्पनेतून आणली नव्हती. १८३४च्या इंग्लंडच्या नव्या गरीब कायद्यानं मदत मागणाऱ्यांना श्रमगृहात लोटलं होतं, आणि तिथं नवरा-बायको, आई-मुलं वेगळी ठेवली जात. १८४३मध्ये कारखान्यांतल्या बालमजुरीचा सरकारी अहवाल डिकन्सनं वाचला आणि गरिबांच्या मुलांच्या बाजूनं एक पत्रक काढायचं ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेनमधल्या, फाटक्या मुलांसाठी चालवलेल्या धर्मादाय शाळेत जाऊन आला. पत्रकाचा बेत त्यानं सोडला आणि सहा आठवड्यांत गोष्ट लिहिली. स्वतः डिकन्स १८२४मध्ये, १२व्या वर्षी, बुटांना लावायच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात होते. झग्याखालच्या मुलाला तो ओळखत होता.

पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. जॉन लीचची चित्रं, सोनेरी कडा आणि पाच शिलिंग किंमत यांमुळं नफा मात्र फारच थोडा झाला. काही आठवड्यांत चोरटी आवृत्ती निघाली. डिकन्स खटला जिंकला, पण विरोधकानं दिवाळं काढलं आणि खर्च डिकन्सच्याच अंगावर पडला.

सणाचा अंक आणि भुताची गोष्ट

नाताळात भुतांच्या गोष्टी सांगायची रीत डिकन्सच्या आधीची आहे. डिसेंबरात इंग्लंडमध्ये दुपारी चारलाच अंधारून येतं, घरातले सगळे शेकोटीभोवती बसतात. डिकन्सनं या रितीला छापखान्याची जोड दिली. आपल्या साप्ताहिकांचे नाताळ अंक तो काढत राहिला; ‘द सिग्नलमन’ ही त्याची रेल्वेच्या बोगद्याजवळची गाजलेली भूतकथा १८६६च्या अशाच अंकातली. पुढं केंब्रिजमध्ये एम. आर. जेम्स हे विद्वान नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना आपल्या भूतकथा वाचून दाखवत. त्यांचा पहिला संग्रह १९०४मध्ये आला.

मराठीत हे काम दिवाळी अंकांनी केलं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढच्या काळात फराळाच्या ताटाइतकाच गूढकथेलाही या अंकांत हक्काचा कोपरा मिळाला. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भीतीनं कित्येक वाचकांनी ऐन दिवाळीत रात्री दिवा चालू ठेवला आहे. धारपांचं भूत बहुधा बाहेरून येतं, वाड्यातून, विहिरीतून, दुसऱ्या कुठल्या मितीतून. मतकरींकडं ते पुष्कळदा माणसाच्या मनात आधीपासून दबा धरून असतं. स्क्रूजचे पाहुणे मतकरींच्या वाटेला अधिक जवळचे आहेत.

आणि दिवाळीही मेलेल्यांपासून फार दूर नाही. भाद्रपदातला पितृपक्ष होऊन महिनाभर होतो न होतो, तोच धनत्रयोदशीला दक्षिणेकडं वात करून यमासाठी दिवा लावायचा असतो. सणाच्या उजेडात गेलेल्यांची आठवण आपल्याकडंही येते, फक्त ती पाटावर, पानावर, दिव्याच्या वातीत येते.

पैशाची भाषेचं गाव

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी, पैठण आहे. सातवाहनांचं प्रतिष्ठान. भारतीय कथेची एक मोठी गंगोत्री इथं सांगितली जाते, आणि तिचा उगम एका पिशाच्चापाशी आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्याच्या सुरुवातीला सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याची कथा येते. दुसरा पंडित राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवू शकणार नाही, ही पैज तो हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडतो. विंध्याच्या रानात काणभूती नावाचं पिशाच्च त्याला गोष्टी सांगतं. गुणाढ्य त्या पिशाच्चांच्याच, पैशाची भाषेत, शाईऐवजी स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांत लिहून काढतो. राजा भाषेला आणि रक्ताला नाक मुरडून ग्रंथ परत पाठवतो. मग गुणाढ्य जाळ पेटवतो, एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो. रानातली जनावरं चरायचं विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसतात. जनावरं वाळली, राजाच्या ताटातलं मांस रुक्ष झालं, राजा आजारी पडला, तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण काय नाकारलं. तो धावत जातो, तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. उरलेला एक लाख, ती ‘बृहत्कथा’. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही.

दरबारानं नाकारलेली भाषा, ती ऐकून उपाशी राहिलेली जनावरं आणि राजाच्या ताटापर्यंत पोचलेली झळ असा या कथेचा क्रम आहे. पिशाच्चाच्या गोष्टीचं मोल राजाला आपल्याच पानावर कळलं.

वेताळाची गोष्टही ‘कथासरित्सागरा’त प्रतिष्ठानातच घडते. तिथला राजा त्रिविक्रमसेन एका भिक्षूसाठी रात्री स्मशानातून प्रेत आणायला जातो. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाटेत तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचं डोकं फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा शिंशपेच्या झाडाला जाऊन लटकेल. छापील मराठी पुस्तकांच्या पहिल्या काही दशकांतच ‘वेताळपंचविशी’ मराठीत आली आणि १९८५मध्ये दूरदर्शनच्या ‘विक्रम और बेताल’नं ती घराघरांत पोचवली. मालिकेमुळं विक्रम-वेताळाची जोडी गमतीची होऊन बसली, पण मूळ कथेचा शेवट गंभीर आहे. प्रेत मागणारा भिक्षूच राजाचा बळी देणार असतो, आणि ते राजाला सांगून वाचवतो तो वेताळ. अंगावर भगवं घातलेला माणूस घात करायला बसला आहे, आणि झाडाला लटकलेलं भूत न्याय-अन्यायाचे प्रश्न विचारून राजाची परीक्षा घेतं आहे.

प्रश्न विचारणं हेच मार्लीच्या मागोमाग आलेल्या तिन्ही भुतांचं काम आहे. तिसरं तर तोंडही उघडत नाही. थडग्यावरच्या नावाकडं बोट दाखवतं, आणि प्रश्न स्क्रूजच विचारतो.

भिक्षापात्राखालचं मूल

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, मागच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या गाभाऱ्यात, हारिती आणि पांचिक बसलेले आहेत. हारितीची बौद्ध कथा अशी. ती यक्षिणी, तिला ५०० मुलं, आणि ती राजगृहातल्या लोकांची मुलं पळवून खात असे. लोक बुद्धाकडं आले. बुद्धानं तिचं सगळ्यांत धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. हारिती वेड्यासारखी शोधत फिरली. बुद्ध तिला म्हणाला, ५०० मधलं एक गेलं तर तुझी ही दशा, मग ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय? ती बदलली. पण मुलं खायची नाहीत, तर माझ्या मुलांचं पोट कसं भरायचं, हा तिचा प्रश्न खरा होता. बुद्धानं तोही सोडवला: विहारातले भिक्षू रोज तिच्यासाठी अन्न बाजूला काढतील. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशानं लिहून ठेवलं आहे, की इथल्या विहारांत भोजनशाळेच्या कोपऱ्यात किंवा ओसरीवर हारितीची मूर्ती असे आणि तिच्यापुढं रोज अन्न ठेवलं जाई.

लंडनच्या गोष्टीत भुताच्या झग्याखाली दोन मुलं आहेत आणि इथं बुद्धाच्या पात्राखाली एक. दोन्ही ठिकाणी कठोर मन बदलतं ते दुसऱ्याच्या मुलाकडं स्वतःचं समजून पाहायला लागल्यावर. भूत टायनी टिमच्या रिकाम्या होणाऱ्या जागेचं आणि जपून ठेवलेल्या कुबडीचं भाकीत करतं, तिथं स्क्रूज खऱ्या अर्थानं वितळतो.

अजिंठ्याच्या शिल्पकारानं आणखी एक गोष्ट केली आहे. ती पाहायला खाली वाकावं लागतं. हारितीच्या आसनाच्या पायथ्याशी त्यानं शाळा कोरली आहे. एका टोकाला छडी धरलेले गुरुजी, पुढची मुलं अभ्यासात, मागची मेंढ्यांची झुंज लावण्यात रमलेली. पूर्वी खाल्ली जाणारी मुलं आता शिकताहेत, असं त्या पायथ्यावरून वाचता येतं.

पानावर बसलेले पूर्वज

पैठणच्या सगळ्या परलोकी पाहुण्यांत सर्वांत मोठे आले ते संत एकनाथांच्या घरी. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७७४मध्ये ‘भक्तलीलामृत’ रचलं. त्यातलं एकनाथचरित्र जस्टिन ॲबट या अमेरिकी मिशनऱ्यानं १९२७मध्ये इंग्रजीत नेलं. परंपरेनं सांगितली जाणारी गोष्ट अशी.

नाथांच्या घरी श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला. त्या काळी अस्पृश्य मानलेली काही माणसं दारावरून चालली होती, त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. नाथांनी आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी त्यांचं बोलणं ऐकलं, त्यांना बोलावलं आणि श्राद्धाचं सगळं अन्न पोटभर वाढलं. मग जागा सारवून, चूल पुन्हा पेटवून ब्राह्मणांसाठी नव्यानं स्वयंपाक केला. ब्राह्मणांना बातमी कळली होती. एकही जण पानावर बसायला आला नाही. तेव्हा नाथांनी पानं मांडली आणि ज्यांच्या नावानं श्राद्ध होतं त्यांनाच बोलावलं. पूर्वज देह धारण करून आले, पाटावर बसले आणि जेवले.

मार्ली येतो तेव्हा न दिलेल्या घासाची शिक्षा भोगत येतो. नाथांचे पितर येतात ते दिलेल्या घासाला साक्ष द्यायला. ज्यांच्या नावानं लोक शिवाशिव पाळत होते, ते स्वतःच येऊन सांगून गेले की आम्हाला हे अन्न चाललं. गावच्या निर्णयाला मेलेल्यांनी उलट निर्णय दिला, आणि वाढलेलं पान रिकामं करून दिला.

नाथांच्या आख्यायिकांत आणखी एक दृश्य आहे: गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर त्यांनी कडेवर उचललं. बॉब क्रॅचिट चर्चमधून टिमला खांद्यावर घेऊन येतो, ते वाचताना मराठी वाचकाला ती वाळू आठवावी. नाथांनी ‘भूत’ या विषयावर भारूडही रचलं. त्यातलं भूत ध्रुवबाळालाही लागलेलं आहे, आणि ते भूत म्हणजे देवच.

साहित्यातल्या या भुतांचा आदर करताना गल्लीतल्या भुताटकीचा बाजार वेगळा ठेवायला हवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. नाथांच्या पितरांनी कुणाला झपाटलं नाही आणि मार्लीनं साखळी दुसऱ्याच्या अंगावर घातली नाही.

मन बदललं, पुढं काय?

या सगळ्या गोष्टींवर एक खणखणीत आक्षेप आहे. जॉर्ज ऑर्वेलनं १९४०मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिकन्सवरच्या निबंधात तो मांडला: डिकन्सची टीका नैतिक आहे, मालकांची मनं बदलली की सारं ठीक होईल अशी त्याची भिस्त आहे, आणि व्यवस्था कशी बदलायची हे तो सांगत नाही. स्क्रूज पगार वाढवतो. दुसऱ्या पेढीतल्या कारकुनाकडं कुठलं भूत जाणार?

पैठणच्या गोष्टीवर हाच आक्षेप अधिक धारदार झाला, आणि तो थेट मराठी चित्रपटाच्या निमित्तानं. व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी १९३५मध्ये एकनाथांवर चित्रपट काढला. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरच्या आक्षेपामुळं ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. पुढच्याच वर्षी आपल्या ‘जातिनिर्मूलन’ या लिखाणावरून गांधीजींशी झालेल्या वादात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या चित्रपटाचं नाव घेतलं. अस्पृश्यांना शिवण्याचं, त्यांच्यासोबत जेवण्याचं धैर्य दाखवणारे नायक म्हणून एकनाथ पडद्यावर दिसतात; पण ते जातीच्या विरोधात होते म्हणून नव्हे, तर लागलेला विटाळ गंगेच्या स्नानानं धुता येतो असं त्यांना वाटत होतं म्हणून, असं त्यांनी बजावलं. देवापुढं सगळे सारखे, असं संत सांगत आले. माणसामाणसांत सारखेपणा हवा, यासाठी त्यांनी झगडा केला नाही, हा आंबेडकरांचा मुद्दा होता.

हा आक्षेप खरा आहे. तो मान्य केल्यावरही गोष्टींचं मोल शून्य होत नाही. वासावरच तृप्त व्हावं लागलेल्या माणसांना घरात बोलावण्याची कल्पना ज्या समाजाला अशक्य वाटते, तिथं ती शक्य करून दाखवणारं पहिलं चित्र गोष्टच उभं करते. पितर जेवायला आले, हे पिढ्यान् पिढ्या कीर्तनात ऐकलेल्या माणसाला शिवाशिव पाळताना निदान अडखळावं लागलं. भुतं माणसाला रात्रभर जागं ठेवतात. सकाळचं काम मात्र त्यांच्या हातचं नाही. त्यासाठी कायदा लागतो, मजुरी लागते, शाळा लागते. डिकन्सच्या भुतानंही दोघांतल्या मुलाला, अज्ञानाला, जास्त भिण्यास सांगितलं होतं.

छत्रपती संभाजीनगरात त्या मुलाला उत्तर मिळालं आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांना पदवी घ्यायची, तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. जे वेशीबाहेर राहत, त्यांचा तर प्रश्नच नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पुढं त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं, आणि परिसराचं नागसेनवन. भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं ते नाव. श्राद्धाच्या दिवशी ज्यांना दारातून फक्त वास मिळाला होता, त्यांच्याच वस्त्यांतली मुलं तिथं वसतिगृहात राहिली, जेवली आणि पदवीधर झाली.